दहा जणांचा नंबर

४ फेब्रुवारी, रविवार

दादा,

पाकिटावरचा पत्ता ऑफिसातल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच फाडलं असतंस. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सा. न. वि. वि. मुद्दाम घातलेलं नाही. सहा वर्षं तोंड न बघणाऱ्या भावाला 'विनंती विशेष' कशी करायची, हे आपल्या गुरुजींनी शिकवलं नव्हतं.

वहिनींचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी चार वेळा फोन लावून तीन वेळा काही न बोलता ठेवला. चौथ्यांदा बोलल्या. तू पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीस, तीही वर्कशॉपच्या ड्रिलवर, नीट माप घेऊन. वर्कशॉपच्या आठ पायऱ्या चढताना पाचवीवर थांबतोस आणि कोणी बघितलं तर भिंतीवरचं काहीतरी निरखल्याचं सोंग करतोस. संडासात तीनदा रक्त दिसलं. आणि ह्या सगळ्याला तू म्हणतोस, उष्णता.

तीन महिने टिकणारी उष्णता मी तरी ऐकलेली नाही. ऐकली होती, एकदाच. बाबांची.

तू सत्तावन्नचा आहेस. बाबा गेले तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे होते, तुझी अजून एकवीस वर्षं बाकी आहेत. एवढं गणित तुला मी सांगायला नको, तू लेथवर केसाच्या जाडीएवढी चूक चालवून घेत नाहीस. मग स्वतःच्या बाबतीत हा डोळेझाक कारभार कशाला? डॉक्टरकडे जा. मी सांगतोय म्हणून जाऊ नकोस, वहिनी रडतात म्हणून जा.

योगायोग असा, की आरोग्य खात्यातल्या आमच्या साहेबांनी ह्याच आजाराचं पोस्टर माझ्या गळ्यात घातलंय. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना आतड्याचा कर्करोग झाला, त्यांनी तपासून घ्यावं, असं लोकांना चित्रातून पटवायचं. सकाळी देवासमोर दोन मिनिटं बसतो, तेव्हा आज विचारलं त्याला, की बाबा रे, खात्यात सत्तर आजार आहेत, माझ्याकडे हाच का धाडलास? तो नेहमीप्रमाणे गप्प. तुझ्यासारखाच.

त्या कागदाचं आज काढत नाही. सहा वर्षं जे सांगतोय तेच एकदा सांगतो आणि थांबतो. बाबांनी विचारलं होतं. विचारलं म्हणून मी काढून दाखवलं.

खडू

(हे नाव तूच ठेवलंस. शाळेतले खडू मी खिशात भरून आणायचो म्हणून. दुसऱ्या कोणी मला ह्या नावाने हाक मारली तर मी ओ देत नाही.)


२६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. वहिनींकडून कळलं की पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालास, "पायऱ्या नऊ आहेत." ठीक आहे, नऊ. डॉक्टरकडे गेलास का, ह्यावर मात्र काही बोलला नाहीस.

इकडे मी वैतागलो आहे. सांगायला कोणी नाही, म्हणून तुला सांगतो. तू ऐकतोस की नाही हे मला दिसत नाही, ती एक सोय आहे.

साहेबांना पोस्टरवर खेकडा हवा होता. काळाकुट्ट, नांग्यांनी पोट कुरतडणारा. वर मोठ्या अक्षरांत, 'धोका दुप्पट!' लोकांना हादरवलं पाहिजे, म्हणाले. आमच्याकडे आकडेवारी सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना आकडेबाई म्हणतात आणि त्याही त्या नावाने सही करायच्या बाकी आहेत. त्यांनी विचारलं, कशाच्या दुप्पट? साहेब म्हणाले, दुप्पट म्हणजे दुप्पट. मग बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. एरवी शंभर माणसांत साधारण पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. घरात कोणाला झालेला असेल तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे पाचाचे दहा झाले हे खरं, आणि नव्वद जणांना काही होत नाही हेही खरं. नुसतं दुप्पट म्हटलं की माणूस घाबरून पळतो, नाहीतर हसून पळतो. पळतो मात्र नक्की.

मला ते पटलं. म्हणून मी शंभर माणसं काढली. दहाच्या दहा रांगा, सगळी एका मापाची. दहा तांबडी, बाकीची हिरवी.

ते चित्र घेऊन आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकांपाशी गेलो, लोकांना काय कळतं ते बघायला. दादा, माणूस चित्र बघतो हा माझा समज तीस वर्षांनी फिटला. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, सगळी टकली कशी, ह्या औषधाने केस जातात का? एकाला ते कैदी वाटले. मी प्रत्येकाला म्हणत होतो, ह्यात तुम्ही कुठे आहात असं वाटतं, बोट ठेवा. चाळीस जणांना विचारलं. एकोणचाळीस जणांनी हिरव्यावर बोट ठेवलं, तेही बहुतेकांनी अगदी वरच्या रांगेत, जिथे एकही तांबडा नव्हता. चाळिसाव्याने तांबड्यावर ठेवलं तेव्हा मला भरून आलं, म्हटलं एक तरी माणूस खरं बोलणारा भेटला. तर त्याला तांबडा आणि हिरवा वेगळा ओळखूच येत नव्हता. तेव्हापासून हिरव्याचा राखाडी केला आहे.

आकडेबाईंना मी तुझं विचारलं. माझा भाऊ असं नाही म्हटलं, एक ओळखीचे गृहस्थ म्हटलं. वजन उतरलंय, धाप लागते, रक्त दिसलंय. म्हणाल्या, "अहो, त्यांना शंभर माणसं काय दाखवताय? पोस्टर धडधाकट माणसासाठी असतं. त्यांचा हात धरून डॉक्टरकडे न्या." मी म्हटलं, ते माझ्या हाताला हात लावत नाहीत.

शेवटी ओळ राहिली, चित्राखालची. बाईंनी लिहून दिली होती: आई, वडील किंवा भावंडे यांपैकी कोणास आतड्याचा कर्करोग झालेला असल्यास, अशा दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे दहा व्यक्तींना आयुष्यात कधीतरी हा आजार होण्याची शक्यता असते. साहेब म्हणाले, हे वाचून होईपर्यंत माणूस आटोपेल. त्यांनी ती खोडली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं:

शंभरात दहा जणांचा नंबर लागतो. तुमचा? आजच डबी घ्या.

डबी म्हणजे शौचाचा नमुना द्यायची छोटी प्लास्टिकची डबी, फुकट मिळते. बाई म्हणाल्या, नंबर लागतो हे बरोबर वाटत नाही. का ते त्यांना सांगता येईना. मला मात्र ओळ आवडली. छोटी होती, बोलल्यासारखी होती, आणि चित्राखाली एका ओळीत बसत होती. छपाईला जाऊ द्या असं मीच म्हटलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी साहेबांनाच दोष दिला तर तो अर्धा माझा.

डॉक्टरकडे जा.

खडू


१९ मार्च, मंगळवार

दादा,

हे पत्र मी आज लिहितोय, पण पेटीत शुक्रवारी टाकणार आहे. का ते खाली कळेल.

पोस्टर सगळ्या केंद्रांवर लागलं. तुमच्या गावच्या केंद्रावरही लागलं, दाराच्या उजव्या हाताला, वहिनींनी सांगितलं. ह्याआधी आमच्या दवाखान्यात सिस्टर डब्या घेऊन बाकाबाकावर फिरायची. दिवसभर गयावया केली तर चार-पाच खपायच्या. लोक डबी हातात घ्यायचे, कशासाठी आहे ते कळलं की विंचू असल्यासारखी परत ठेवायचे. पोस्टर लागल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो, तर फाटकाबाहेर चौसष्ट माणसं. पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या ठेवून जागा धरलेल्या. मला वाटलं, जमलं. शंभर माणसांनी काम केलं. देवाला तिथेच मनातल्या मनात नमस्कार केला.

मग फाटक उघडलं आणि भांडण सुरू झालं. "दहाच आहेत ना? मग मी सातवा आहे, हा मध्ये कसा घुसला?"

कळलं का तुला? मला कळायला दुपार झाली. शंभरात दहा जणांचा नंबर लागतो. रांगेत उभी असलेली शंभर माणसं मीच काढली होती, एकामागे एक, शिस्तीत, दवाखान्यात उभी राहतात तशी. त्यातली दहा रंगवली होती. आजार कोणाच्या डोक्यातच आला नाही. ज्यांना डबी मिळणार ते दहा तांबडे, आणि उरलेले नव्वद हात हलवत घरी जाणारे. सहा महिने जी वस्तू कोणी फुकट घेत नव्हतं, ती दहाच जणांना मिळते म्हटल्यावर माणसं पहाटे चारला येऊन उभी राहायला लागली. आणि गोदामात पाचशे डब्या धूळ खात पडल्यात.

सिस्टर ओरडून सांगते, अहो सगळ्यांना आहे, भांडू नका. तर लोक म्हणतात, आत्ता गर्दी बघून बोलताय. एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, हे दहा कोण ते आम्हाला माहीत आहे, सगळी आतली माणसं. काल शेजारच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, तुम्ही खात्यातले, आमच्या सासूबाईंचं तांबड्यात बसवून द्या ना. मी म्हटलं, तांबड्यात नको हो, राखाडीतच राहू द्या त्यांना. तर रुसून उठल्या. माझ्या बायकोला जाताना म्हणाल्या, मोठे झाले की माणसं बदलतात.

आकडेबाईंचं म्हणणं, पोस्टर ताबडतोब काढा, लोकांची फसवणूक आहे. साहेबांचं म्हणणं, गर्दी आहे ना? डबी घेतायत ना? आजार सापडतोय ना? मग कुठल्या का नंबरने सापडेना. बाई म्हणाल्या, लोकांना धोका काय आहे तेच कळलेलं नाही. साहेब म्हणाले, कळलेले लोक गेल्या महिन्यात कुठे होते? दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी चित्रकार आहे. हे म्हणताना मला माझीच लाज वाटली.

आणि मग वहिनींचा फोन. तू परवा, गुरुवारी, जाणार आहेस. डॉक्टरकडे नव्हे, डबीसाठी. तुझ्या वर्कशॉपमधल्या कोणीतरी सांगितलं की दहाच जणांना मिळते आणि पहिल्या दहांत नाही म्हणून परत फिरून त्याची दोनदा हुकली. तू म्हणालास म्हणे, "हुकते कशी? रांगेत नीट उभं राहता येत नाही तुम्हाला." पहाटे साडेचारचा गजर लावला आहेस. वहिनी हसत होत्या आणि रडत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं त्यांना काही कळू देऊ नका. गुरुवारपर्यंत तुम्ही खरं बोलू नका."

शेवटचं वाक्य बघ. ते त्यांनी कुठून उचललं ते तुलाही माहीत आहे.

बाबांच्या वेळी तू हेच म्हणाला होतास. दवाखान्याच्या जिन्यात माझा दंड धरून. त्यांना आतड्यात सूज आहे एवढंच माहीत होतं, आणि तेवढंच राहू दे असं तुझं म्हणणं. मी म्हणालो होतो, माणसाला स्वतःच्या शरीराचं खरं कळलं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. किती मोठ्याने म्हणालो होतो. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने आतडं काढलं, कुठे काय आहे ते काढलं, किती पसरलंय ते काढलं. चित्र चांगलं होतं. बाबा नंतर अकरा दिवस होते आणि त्या अकरा दिवसांत भिंतीकडे तोंड करून होते. तू मला स्मशानाच्या दारात म्हणालास, "आजाराने आणखी सहा महिने दिले असते. तुझ्या चित्राने नाही दिले."

आणि आज मी तुला खरं सांगत नाहीये. तुझ्या बाजूला येऊन उभा राहिलो आहे, आणि ते तुला सांगायचीही सोय नाही.

शुक्रवार. काल तू गेलास. चौथा नंबर होता, असं वहिनी म्हणाल्या. डबी घेतलीस आणि नमुना घालून परतही दिलीस. आता हे पत्र पेटीत टाकतो. डब्या दहा नव्हत्या, दादा. हव्या तेवढ्या होत्या. तू साडेनऊला गेला असतास तरी मिळाली असती.

खडू


९ एप्रिल

दादा,

तुझ्या डबीचा निकाल मला कळला. रक्ताचा अंश सापडला, दुर्बिणीची तपासणी करायला सांगितली, आणि तू नाही म्हणालास. वहिनींना म्हणालास, "शंभरातल्या दहांत नंबर लागला माझा. बाबांचा लागला, आता माझा. आता कशाला दुर्बिणी?" आणि कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपतोस.

आकडेबाईंना बरोबर का वाटत नव्हतं ते आता कळलं. आपल्या बोलण्यात नंबर दोन ठिकाणी लागतो, रांगेत आणि वर. पहिला अर्थ घेऊन तू दवाखान्यात गेलास, दुसरा अर्थ घेऊन परत आलास. दोन्हीही त्या पोस्टरवर नव्हते, आणि दोन्ही मी छापले.

मी आता चिडून लिहितोय. तू ऐक.

तुझ्याकडे लेथवर कापलेला एखादा जॉब माप बघायच्या गेजमध्ये अडकला तर तू काय करतोस? लगेच भंगारात टाकतोस? लहानपणी मी तुझ्या वर्कशॉपमध्ये डबा घेऊन यायचो तेव्हा तूच मला दाखवलं होतंस. गेज फक्त एवढंच सांगतं की ह्या जॉबकडे पुन्हा बघ. मग तू तो पुसतोस, मायक्रोमीटर लावतोस, दहापैकी सात-आठ वेळा निघतं काय, तर कचरा, कड राहिलेली, काहीतरी घासून निघण्यासारखं. तुझ्याच हाताखालच्या एकाने गेजमध्ये अडकलेले सगळे जॉब भंगारात टाकले होते, तेव्हा तू त्याला काय काय बोलला होतास ते मी पत्रात लिहू शकत नाही. ती डबी गेज आहे. दुर्बीण हा मायक्रोमीटर. आणि तू, एवढा मोठा लेथवाला, गेजवर जॉब भंगारात टाकून भिंतीकडे तोंड करून झोपला आहेस.

बाईंना आकडे विचारले. ह्या वेळी माझा भाऊ आहे असं सांगून विचारले. ज्यांच्या डबीत रक्त सापडतं अशा शंभर माणसांत कर्करोग साधारण पाच जणांना निघतो. तीस-पस्तीस जणांना आतड्यात लहान कोंब निघतात, ते दुर्बिणीतूनच कापून टाकता येतात आणि पुढचा आजार टळतो. बाकीच्यांना मूळव्याध, व्रण, नाहीतर काहीच नाही. बाईंनी मला हेही बजावलं, की तुला लक्षणं आहेत म्हणून तुझे आकडे ह्याहून थोडे वाईट असतील. मी ते लपवत नाही. थोडे वाईट. भिंतीकडे तोंड करण्याएवढे वाईट नाहीत.

हे मी काढलं आहे. हाताने, पेन्सिलने. वेगळ्या कागदावर आहे, चार घड्या घालून. वहिनी म्हणाल्या होत्या, लिहा पण काढू नका. तू मागितलेलं नाहीस, तेव्हा उघडायचं की नाही ते तूच ठरव. नाही उघडलंस तर मी विचारणार नाही. बाबांना मी तेवढीही मुभा दिली नव्हती.

आता ते.

तू वहिनींना विचारलंस, "त्याने स्वतः केली का तपासणी?" मी त्यांना म्हटलं, तो प्रश्न वेगळा आहे. तो वेगळा नाही. मी केलेली नाही. बाबा माझेही बाबा होते, माझंही वय पन्नासला आलं, रोज शंभर माणसं काढतो, आणि डबी घेतलेली नाही. चाळीस जणांना मी बोट ठेवायला लावलं, स्वतःला विचारलं असतं तर मीही वरच्या रांगेतच ठेवलं असतं.

आणि आणखी एक. हे लिहायला मला सहा वर्षं आणि आजची सगळी दुपार लागली. बाबांनी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगत आलो की विचारलं होतं. तुला, ताईला, बायकोला, देवालासुद्धा तसंच सांगितलं, जणू तो खोलीत नव्हता. त्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेला होतास. बाबा म्हणाले, "खडू, पाणी दे." एवढंच म्हणाले. मी पाणी दिलं, आणि मग मला राहवेना. त्या खोलीत मला एकट्याला माहीत असणं झेपत नव्हतं. म्हणून मी कागद घेतला. त्यांना कळावं म्हणून नाही काढलं मी ते, माझ्याने धरवेना म्हणून काढलं. हक्काबिक्काच्या गोष्टी मी तुझ्याशी भांडायला जुळवल्या. खरं सांगणं चूक नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. पण विचारल्याशिवाय, असं, पेन्सिल हातात येते म्हणून सांगणं चूक होतं.

तुला आता जे म्हणायचं ते म्हण. पण दुर्बिणीला जा. माझ्यावरचा राग काढायला तरी माणूस जागेवर पाहिजे.

खडू


३० एप्रिल

दादा,

बोलणं सुरू झालं म्हणून पत्र थांबवावं असं नाही. फोनवर तू काल अडीच मिनिटं बोललास, त्यातली दोन माझ्या चुका काढण्यात गेली. मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाहीस, ती इथे घेतो.

पहिलं. दुर्बिणीच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू तो पाठीवर नाड्या बांधायचा हिरवा झगा घालून बाकावर बसला होतास. मी आलो, वहिनी उठून उभ्या राहिल्या, तू बसूनच राहिलास. सहा वर्षांनी भाऊ भेटतो म्हणून मी काहीतरी मनात जुळवत आलो होतो. तू झग्याच्या बाहीतून माझा कागद काढलास, घड्या पडलेला, तेलाचे डाग लागलेला, म्हणजे वर्कशॉपमध्ये नेऊन बघितलेला, आणि म्हणालास, "नव्याण्णव आहेत."

मी म्हटलं, काय?

"तीनदा मोजले. शंभर लिहिलंस आणि नव्याण्णव काढलेस. शेवटच्या रांगेत नऊ आहेत. एवढं तरी मोजून काढता येत नाही? ह्यावर माणसं जीव टांगतात, खडू."

मला इतका राग आला की मी तिथेच उभं राहून मोजले. नव्याण्णवच होते. मग वहिनींनी मोजले. आत बोलावणारा वॉर्डबॉय दारात थांबून आम्हा तिघांकडे बघत होता. बाबांबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. आत जाताना फक्त माझ्या हातात चष्मा आणि घड्याळ दिलंस. ते तू वहिनींकडेही देऊ शकला असतास. ह्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आहे, चुकला असेल तर सांग.

दुसरं. डॉक्टरांशी असं बोलतात का? तीन कोंब सापडले, दोन लहान, ते तिथेच काढले. तिसरा मोठा, त्याचा तुकडा तपासायला गेला आणि तो वाईट निघाला. त्यांनी नीट सांगितलं, की लवकर सापडलाय, खोल गेलेला नाही, पंधरा मेला आतड्याचा तेवढा भाग काढायचा. कोणीही हात जोडले असते. तू विचारलंस, "अशा शंभरातले किती वाचतात?" ते म्हणाले, नव्वदच्या आसपास. तू म्हणालास, आसपास म्हणजे किती, वर का खाली. ते बिचारे कागद शोधायला लागले. मग माझ्याकडे हनुवटी करून त्यांना म्हणालास, "ह्याला सांगा. हा काढून देईल. शंभर मोजून काढ म्हणावं."

ते काढलं आहे. सोबत आहे. शंभर आहेत, आकडेबाईंनी मोजून खाली सही केली आहे.

आमच्याकडचं कळवतो. शेवटी मी बाईंच्या बाजूने बोललो आणि पोस्टर बदललं. आता खाली लिहिलंय की तपासणी सर्वांसाठी आहे, डब्या भरपूर आहेत, आणि दहाचा आकडा कशाचा आहे ते बाईंनी सोप्या तीन ओळींत लिहिलंय. चोख काम. पहिल्या दिवशी रांग वीसवर आली, दुसऱ्या दिवशी नऊवर. परवा सिस्टर पुन्हा बाकाबाकावर फिरत होती. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. बाई बोलतात, पण गेल्या आठवड्यात मला म्हणाल्या, "आपण बरोबर केलं ना हो?" आणि उत्तर न ऐकताच आत गेल्या. तुमच्या गावच्या सिस्टरने जुनं पोस्टर उतरवायला साफ नकार दिलाय, असं ऐकतो. तिच्याकडे अजून पहाटे माणसं येतात. तिच्यावर कारवाईचं पत्र मलाच लिहायला सांगितलंय. अजून सुचत नाहीये.

पंधराला मी येतो. आदल्या दिवशी येईन. तुझ्या घरी उतरू का हे विचारत नाही, वहिनींनी सांगून टाकलंय.

आणि मी डबी दिली. काल, सकाळी साडेनऊला. रांग नव्हती, सिस्टरने नाव लिहून घेतलं आणि हसली, एवढंच झालं. रात्री झोप चांगली लागली, असं लिहिणार होतो, पण नाही लागली.

निकाल पुढच्या बुधवारी येईल. मी आपणहून काही कळवणार नाही. तू विचारलंस तर सांगेन.

खडू